लाव्हा बघायचाय, पण सोबत सात वर्षांचं पोर आणि आजी आहेत

विचारणा थोडक्यात अशी: पुण्यातलं कुटुंब, मुलगा सात वर्षांचा, मुलगी अकराची, आजी पासष्टीच्या आणि गुडघ्यांनी थोड्या बेजार. मुलानं आइसलँडचे व्हिडिओ बघून 'आपल्याकडे ज्वालामुखीवर कुठे चालता येतं?' असा घोषा लावलाय. चालण्याचा अनुभव सिंहगडाच्या पायवाटेपुरता. डिसेंबरच्या सुट्टीत दोन दिवस काढता येतील. कुठे जावं?

गेली 22 वर्षं मी मुलाबाळांसकट कुटुंबांना सह्याद्रीत फिरवतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट घरीच सांगून टाका, नाहीतर चिरंजीव डोंगरमाथ्यावर पोचून 'भोक कुठंय?' विचारतील. माझ्यासोबत हे डझनभर वेळा झालंय. शंकूसारखा डोंगर, वर तोंड आणि त्यातून धूर, असं सह्याद्रीत काही नाही. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि लाव्हा पाण्यासारखा आडवा पसरत गेला. एक थर आला, थंड झाला. कधी लगेच, कधी बऱ्याच काळानं दुसरा आला. आज जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर हा काळा दगड आहे. कळसूबाईचं 1646 मीटरचं शिखरसुद्धा उफाळून वर आलेला ज्वालामुखी नव्हे. ती एकावर एक बसलेल्या थरांची उरलेली चवड आहे. आजूबाजूचं सगळं पावसानं आणि नद्यांनी नेलं. 'डेक्कन ट्रॅप' हे नाव ऐकलं असेल, त्यातला ट्रॅप स्वीडिश भाषेतल्या 'पायऱ्या' या अर्थाच्या शब्दावरून आलाय. कुठल्याही घाटातून समोरच्या डोंगराकडे बघा, त्या पायऱ्या दिसतात.

दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचायची, त्यात बेडूक नांदायचे. मुंबईत वरळीच्या टेकडीत त्या बेडकांचे जीवाश्म सापडलेत. मुलांना आगीच्या गोष्टीपेक्षा हा बेडूक जास्त भावतो, निदान माझ्या बघण्यात तरी. आणि जिवंत ज्वालामुखीच हवा असा हट्ट असेल तर भारतात तो एकच आहे, अंदमानातलं बॅरन बेट. तिथे सामान्य पर्यटकांना उतरता येत नाही, त्यामुळे हा विषय इथेच मिटवा.

आता लाव्हाचा थर ओळखायचा कसा, ते. घरात आंबोळी किंवा घावन होतं ना? तव्यावर पीठ घातलं की वरच्या अंगाला जाळी पडते आणि खालचं अंग घट्ट राहतं. लाव्हाचंही बरंचसं तसंच. आतला वायू बुडबुड्यांनी वर येतो, थर थंड होताना वरच्या भागात अडकतो आणि दगडाला भोकं राहतात. थराचा मधला भाग घट्ट, काळाभोर, भोकं नसलेला. पुढे लाखो वर्षांत त्या भोकांतून पाणी झिरपून आत पांढरे, कधी हिरवट खडे धरतात. आमच्या लहानपणी त्या सगळ्यालाच आम्ही गारगोट्या म्हणायचो. मुलाच्या हातात एक भिंग द्या आणि सांगा, 'जाळीचा दगड दिसला की ओरड.' जाळी संपून वर पुन्हा घट्ट दगड सुरू झाला की समजायचं, नवी आंबोळी. काही ठिकाणी मध्ये विटकरी लाल मातीचा पट्टा दिसतो. जुन्या थराची वरची बाजू झिजून माती झाली होती, किंवा राख पडली होती, आणि त्यावर पुढचा लाव्हा आला. घाटरस्त्यांच्या कापलेल्या दरडींत हा लाल पट्टा चालत्या गाडीतूनही दिसतो. खिडकीशी बसलेल्या मुलाला एवढं काम दिलं की मोबाइल मागत नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की वाट निवडायची किल्ली यातच आहे. थराचा घट्ट भाग झिजत नाही, तो उभा कडा होऊन राहतो. जाळीचा आणि लाल मातीचा भाग लवकर झिजतो, तिथे सपाटी तयार होते. गावं, शेतं, झाडी, गुरांच्या वाटा या सपाटीवर असतात. म्हणून सह्याद्रीतला कुठलाही ट्रेक म्हणजे थोडं आडवं चालणं, मग एक कातळटप्पा चढणं, पुन्हा आडवं, पुन्हा टप्पा. लोक विचारतात, 'किती किलोमीटर? किती उंच?' मुलं बरोबर असताना त्या आकड्यांचा फारसा उपयोग नाही. विचारायचं ते हे: गाडी किंवा लोकल सोडल्यावर किती टप्पे चढायचे, आणि प्रत्येक टप्पा कशानं चढायचा? बांधलेल्या पायऱ्यांनी, खोबण्यांनी, की लोखंडी शिडीनं? सात वर्षांच्या मुलाला आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना पायऱ्यांचा एक टप्पा पुरे. अकराच्या मुलीला दोन. आडवं मात्र तिघंही तासन् तास चालतील.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझी मुलगी सहाची असताना 'महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर' या हौसेपायी मी तिला रविवारी कळसूबाईला नेलं. बारी गावातून निघालो तेव्हा स्वारी खुशीत होती. दुसऱ्या शिडीपाशी रांग लागली, वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर, आणि ऊन डोक्यावर. ती शिडीच्या बुडाशी बसली ती उठेचना. मी समजावलं, चॉकलेट दाखवलं, शेवटी रागावलो. मग उचलून खाली आणली. त्यानंतर वर्षभर ट्रेकचं नाव काढलं की ती आजीच्या मागे लपायची. कळसूबाई कठीण नाही, हजारो माणसं जातात. पण त्यात टप्प्यांवर टप्पे आहेत आणि सहा वर्षांच्या पोराला त्यातला प्रत्येक टप्पा नवा डोंगर वाटतो. चूक सर्वस्वी माझी होती.

तुमच्यासाठी माझी पहिली निवड भाजे लेणी आणि लोहगड. कुणी म्हणेल, लोहगड तर सगळेच करतात. करू देत. पावसाळी शनिवार-रविवारी तिथे जत्रा असते आणि मी स्वतः तेव्हा फिरकत नाही. डिसेंबरात, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी गेलात तर वेगळाच गड भेटतो.

पुण्याहून लोणावळा लोकलनं मळवलीला उतरा. परतीच्या गाड्या आधी बघून ठेवा, दुपारी त्या विरळ असतात. मळवलीहून भाजे गावापर्यंत सपाट चाल आहे, आणि मुलांना लोकलचा प्रवास हाच अर्धा ट्रेक वाटतो. गावातून लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत, रमतगमत वीसेक मिनिटं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेली ही 22 लेणी लाव्हाच्याच दगडात कोरलेली आहेत. आंबोळीचा घट्ट भाग म्हणजे काय, ते इथे हात लावून कळतं. सलग, जाड थर मिळाल्याशिवाय एवढा मोठा चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, कोरता आला नसता. चैत्याच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, त्याही दोन हजार वर्षांहून जुन्या. मुलांना विचारा, दगडाचं छत असताना लाकूड कशाला लावलं असेल? उत्तर लगेच देऊ नका. (आधीची बांधकामं लाकडाची असायची, ती सवय दगडातही उतरली.) आजींचा दिवस इथे संपला तरी चालेल, बसायला सावली आहे, समोर इंद्रायणीचं खोरं आहे.

पुढे दोन पर्याय. धडधाकट मंडळींनी भाज्यातून गायमुख खिंडीकडे चालत जायचं. मुलांच्या चालीनं दोन तास धरा. आजींसाठी भाज्यातून गाडी करा, ती लोहगडवाडीपर्यंत जाते. रस्ता चढाचा आणि वळणांचा आहे, पण चांगला. लोहगडवाडी बसली आहे तीच आपली सपाटी, आणि डोक्यावर दिसतो तो एकच कातळटप्पा. त्यात वळणावळणाच्या पायऱ्या आणि एकापाठोपाठ चार दरवाजे: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. प्रत्येक दरवाज्यात थांबायचं, पाणी प्यायचं, भिंतीतला दगड जाळीचा आहे की घट्ट ते बघायचं. अशा थांब्यांमुळे सात वर्षांचं मूल कुरकुर न करता वर पोचतं. पाऊण तास धरा. आजी जपून, कठडा धरून येऊ शकतील, पण उतरताना गुडघ्यांना त्रास होतो हे लक्षात घेऊन ठरवा. काठी हवीच, आणि ती चढताना नव्हे तर उतरताना हातात हवी.

माथा 1033 मीटरवर आहे. वर सोळा कोनांचं तळं आहे, लोमेश ऋषींची म्हणतात ती गुहा आहे, आणि पश्चिमेला विंचूकाटा. दीडेक किलोमीटर लांब आणि अगदी चिंचोळी अशी ही माची वरून बघितली की नांगी टाकलेला विंचू आठवतो. दोन्ही बाजूंनी झीज होत गेली आणि मधल्या थराची एवढी पट्टी उरली. ज्वालामुखीची भूमी म्हणजे काय, ते एका नजरेत दाखवणारी याहून चांगली जागा पुण्याजवळ मला माहीत नाही. मात्र विंचूकाट्यावर जायला थोडा खडकाळ उतार उतरावा लागतो. अकराच्या मुलीला मोठ्या माणसानं हात देऊन न्या, धाकट्याला वरूनच दाखवा. तो हट्ट करेल. करू द्या. समोर पवना धरणाचं पाणी, पलीकडे तुंग आणि तिकोना हे गड दिसतात. त्यांचे कडे मोजायला सांगितलं की हट्ट विसरतो. 2025 साली मराठ्यांच्या 12 किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश झाला, त्यात लोहगड आहे. मुलीला शाळेच्या प्रकल्पात हे उपयोगी पडेल.

दुसऱ्या दिवशी चढाई नकोच. निघोजला जा. पुण्याहून शिरूरमार्गे दोन-अडीच तासांवर, पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. इथे थर तुम्हाला आडवा, पायाखाली मिळतो, आणि नदीनं तो आतून कोरलेला दिसतो. पुराच्या पाण्यात दगडगोटे भोवऱ्यात सापडतात, जात्यासारखे एकाच जागी फिरत राहतात आणि खालचा कातळ घासून रांजण तयार होतो. शेजारशेजारचे दोन रांजण मोठे होत होत एकमेकांत फुटतात, मग त्यांच्यात खिडक्या पडतात, कमानी उरतात. काही खळग्यांच्या तळाशी ते गोल गुळगुळीत गोटे अजून पडलेले असतात. मुलाला म्हणा, नदी म्हणजे सुतार, आणि हे गोटे म्हणजे तिची पटाशी आणि रंधा. मळगंगा देवीचं मंदिर काठावरच आहे, आजी तिथे निवांत बसतील. पात्रावर पूल आहे, त्यावरूनही सगळं छान दिसतं.

निघोजला एकच नियम, पण तो पाळा. खळग्याच्या काठावर मुलाचा हात सोडायचा नाही आणि पाण्यात पाय घालायचा नाही. खळगे वरून दिसतात त्याहून खूप खोल आहेत, काठ झिजून गुळगुळीत झालेले आहेत, आणि आत पडलेल्याला धरायला काही नसतं. इथे माणसं गेलेली आहेत. नदीला धरणाचं पाणी सोडलेलं असेल तर पात्रात उतरू नका. मंदिरापाशी कुणालाही विचारा, ते सांगतात.

दोन दिवसांऐवजी तीन मिळाले तर जुन्नरहून नाणेघाट. गाडी थेट घाटमाथ्यापर्यंत जाते, म्हणजे टप्पा चढायचाच नाही, वरून बघायचा. सातवाहनांच्या काळात कोकणातून देशावर माल यायचा तो या कातळातल्या खिंडीतून. दगडाचा जकातीचा रांजण अजून आहे, आणि थोड्या पायऱ्या उतरलं की नागनिका राणीचा ब्राह्मी लेख असलेली गुहा आहे. त्या लेखात दानाचे आकडे खोदलेले आहेत. भारतातल्या अंकांच्या सगळ्यांत जुन्या खुणांपैकी त्या एक. नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्यावरून कोकणात बघताना टोकापासून चार हात आधी सगळ्यांनी बसायचं, आणि ज्याला वाकून बघायचंय त्यानं पालथं पडून बघायचं. हे मोठ्यांनाही लागू. वारा तिथे अचानक उचलतो.

आता जिथे आत्ता जाऊ नये त्या जागा, कारण कुणीतरी हमखास सुचवेल. हरिहर गडाच्या त्या खड्या पायऱ्यांचे फोटो सुंदर येतात, पण तो उभा टप्पा आहे आणि गर्दीत मूल मध्येच अडकलं तर ना वर ना खाली. सांधण दरी अप्रतिम आहे, लाव्हाच्या दोन भिंतींमधून चालल्यासारखं वाटतं, पण आत सगळी मोठ्या धोंड्यांवरून चाल आहे आणि मध्ये पाणी. मुलगी तेराची झाली की साम्रद गावाच्या बाजूनं पहिल्या पाण्यापर्यंत जाऊन परत या, आणि पावसाळ्यात कधीच नको. हरिश्चंद्रगड पाचनईच्या वाटेनं तिला पुढच्या वर्षी जमेल. कोकणकड्याची ती प्रचंड अर्धगोल वाटी बघितली की ती तुम्हाला माफ करेल, आत्ता धाकट्यामुळे तिचा बेत पुढे गेला म्हणून.

मुंबईत नातेवाईक असतील तर अंधेरीची गिल्बर्ट हिल चुकवू नका. 61 मीटर उंच, सरळ उभ्या खांबांची जुडी बांधावी तसा दगड, चहूबाजूंनी इमारती, आणि माथ्यावर गावदेवीचं देऊळ. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला वरून खाली भेगा जातात आणि पाच-सहा कडांचे खांब होतात. आटलेल्या तळ्याच्या गाळाला भेगा पडतात, तेच. पायऱ्या आहेत, अर्ध्या तासात वर-खाली होतं.

आणि लोणार. 'लोणारचा ज्वालामुखी' असं अजूनही लोक म्हणतात. तो ज्वालामुखी नाही. लाव्हाच्या या पठारावर अशनी येऊन आदळला, त्याचा तो साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा. जरूर जा, पण त्यासाठी बुलढाण्याची स्वतंत्र सफर काढा.

सोबत काय न्यायचं याच्या याद्या सगळीकडे मिळतात, त्यामुळे तेवढंच सांगतो जे या दगडाशी संबंधित आहे. काळा कातळ तापतो. डिसेंबरातही अकरानंतर उघड्या कातळावर धग जाणवते, म्हणून चढाई शक्य तितकी लवकर उरका. माणशी दोन लिटर पाणी, मुलांनाही तेवढंच. सुकी माती आणि बारीक खडी मिळून घसारा होतो, त्यावर गुळगुळीत तळाचे शाळेचे बूट घसरतात. रबरी, खाचा असलेला तळ बघून घ्या. लेण्यांत आणि कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ लावू नका, आरोळ्या नकोत, आणि पोळ्याखाली धूर किंवा शेकोटी तर अजिबात नको. मधमाश्यांमुळे झालेले प्रसंग मी कड्यावरून पडण्याच्या प्रसंगांपेक्षा जास्त बघितलेत.

वेळेचा हिशोब असा करा. माहितीत मोठ्यांसाठी जो वेळ दिलेला असतो तो दुप्पट धरा, आणि उतरायलाही तेवढाच. दुपारी दोन ही परतीची वेळ ठरवून टाका. दोन वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, दरवाजा एक उरलेला असला तरी. मुलांना हे आदल्या रात्री सांगितलेलं असलं की वर रडारड होत नाही. खायला दशम्या, चिक्की, पेरू. चिप्सनं तहान वाढते. लोहगडवाडीत पिठलं-भाकरी मिळते, चढायच्या आधी सांगून ठेवलं तर उतरेपर्यंत तयार असते.

गारगोट्या फोडून आणू नका. गडावरच्या आणि लेण्यांतल्या दगडाचा टवकाही काढायचा नाहीच, पण बाहेरचेही खडे सगळ्यांनी एकेक उचलले तर उरायचं काय? मुलाला ते फारच आवडले तर कधीतरी नाशिकच्या वाटेवर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय दाखवा. दख्खनच्या दगडाच्या पोटात किती रंगांचे स्फटिक धरतात ते तिथे एका जागी बघायला मिळतं.

आणि जायच्या आधीच्या रविवारी एकदा सगळे मिळून वेताळ टेकडीवर जाऊन या. तिथल्या जुन्या खाणीत थर उघडे पडलेले आहेत, आंबोळी ओळखायचा सराव होईल. धाकटा किती वेळ न थांबता चालतो आणि आजी उतारावर किती वेळा टेकतात, ते घड्याळ लावून बघा. दीड तासाच्या फेरीत दोघंही खुशीत राहिले तर लोहगड पक्का. आजी दमल्या तर त्यांच्यासाठी लोहगडवाडीची गाडी आधीच सांगून ठेवा, आणि भिंग त्यांच्याकडे द्या. वाडीतल्या दगडी कुंपणांतही जाळीचे दगड सापडतात.